जेसी ॲपलगेट: ओरेगनचा वाटाड्या राजकारणात कसा आला?

मेधा_पोर्टलँड
लेकीला शाळेत ओरेगन ट्रेलवर, म्हणजे मिसुरीहून पश्चिमेला ओरेगनात जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या जुन्या वाटेवर, प्रकल्प करायचाय. तिने जेसी ॲपलगेट निवडलाय. दक्षिण ओरेगनात त्याच्या नावाच्या पाट्या दिसतात, पण जे वाचायला मिळतं त्यात तो नुसता ‘थोर’ असतो. शेतकरी माणूस कायदेमंडळात गेला कसा आणि तिथे त्याने केलं काय?

जरीब
मी मोजणी खात्यात नोकरी केली. जेसीही मोजणीदार, त्यामुळे मला त्याच्याविषयी फार आपुलकी आहे.

जन्म १८११चा, केंटकीतला. पुढे मिसुरीत शेती केली. आजूबाजूची शेती गुलामांच्या श्रमावर चालायची आणि याचा गुलामगिरीला ठाम विरोध. १८४३ मध्ये चार्ल्स आणि लिंडसे या भावांसह तो ओरेगनला निघाला. तांड्यात हजाराच्या आसपास माणसं होती. गुरांवरून वाद होऊन तांडा फुटला आणि मागच्या, गुरंवाल्या तुकडीची जबाबदारी जेसीवर आली. पहारा कोणाचा, गुरं कोण हाकणार, हे रोज सगळ्यांना पटेल असं ठरवायचं. त्याचं राजकारण तिथेच सुरू झालं, असं मला वाटतं.

मुक्काम जवळ आला असताना कोलंबिया नदीत होडी उलटली. जेसीचा एडवर्ड आणि लिंडसेचा वॉरन, दोन्ही पोरं आईबापांच्या डोळ्यांदेखत बुडाली. १८४६ मध्ये भावासोबत त्याने दक्षिणेकडून नवी वाट काढली, ती मुख्यतः ही नदी टाळण्यासाठी. पण त्याच वर्षी त्या वाटेने आलेले लोक अंपक्वा खोऱ्याच्या घळीत पावसात अडकले. गुरं मेली, माणसंही दगावली. दोष जेसीला मिळाला आणि जन्मभर चिकटला.

आता कायदेमंडळ. ओरेगनवर तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन दोघांचाही दावा होता, आणि वसाहतवाल्यांनी हंगामी सरकार थाटलं होतं. १८४५ मध्ये निवडून आल्यावर जेसीने शपथेचा मजकूर बदलून घेतला: अमेरिकेचा नागरिक किंवा ब्रिटनचा प्रजाजन म्हणून माझ्या कर्तव्याला बाध येणार नाही तितपत मी या सरकारला पाठिंबा देईन. यामुळे हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीची माणसंही सरकारात आली. कोणालाही आपली निष्ठा सोडावी लागली नाही. त्याचं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो.

दक्षिणवाट
त्याच तांड्यातला पीटर बर्नेटही बघा. १८४४ मध्ये कृष्णवर्णीयांना ओरेगनात राहायला बंदी आणि न गेल्यास फटक्यांची शिक्षा, हा कायदा त्याने पुढे रेटला. १८४५ मध्ये तो रद्द झाला. बर्नेट नंतर कॅलिफोर्निया राज्याचा पहिला गव्हर्नर झाला.

मेधा_पोर्टलँड
आणि ज्यांची जमीन होती, ते लोक?

जरीब
हे प्रकल्पात यायलाच हवं, ताई. १८५०च्या कायद्याने आधीपासून वसलेल्या गोऱ्या जोडप्याला ६४० एकर फुकट मिळायची, तीही मूळ रहिवाशांशी करार होण्याआधी. जेसीचं दक्षिण ओरेगनातल्या योंकालाचं शेतही कलापुया या मूळ रहिवाशांच्याच भूमीवर. १८५६ मध्ये त्या लोकांना ग्रँड राँडच्या राखीव वसाहतीत हलवलं. त्यांचा मुखिया हॅलो जायला तयार नव्हता. ॲपलगेट कुटुंब त्याच्या पाठीशी उभं राहिलं आणि तो तिथेच राहिला. एकाला आसरा दिला हे खरंच, पण जमीन परत गेली नाही.

ओरेगनची राज्यघटना लिहिणाऱ्या १८५७च्या परिषदेत जेसी प्रतिनिधी होता, पण काम संपण्याआधीच उठून गेला. पुढे राज्याच्या एका अधिकाऱ्याला जामीन राहिला, त्याने पैशांची अफरातफर केली आणि जेसीची मालमत्ता गेली. १८८८ मध्ये योंकालात वारला.

लेकीला नकाशा काढायला सांगा: १८४३ची नदीची वाट एका रंगात, १८४६ची दुसऱ्या, आणि खाली कलापुया, क्लॅमथ, मोडोक यांचे प्रदेश.