प्रति: रस्ते एवढे ओस का?
वर विचारलंय की कॅन्टनच्या (चीनमधलं आजचं ग्वांगझू) जुन्या फोटोंत रस्ते ओस का दिसतात. ओस कसले, गजबजलेले होते! स्कॉटिश फोटोग्राफर जॉन थॉमसन १८६८ ते १८७२ या काळात चीनमध्ये फिरला, तेव्हा ओल्या कलोडियन नावाच्या फोटो-पद्धतीचा जमाना. काचेवर रसायन ओतायचं, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे अंधाऱ्या तंबूत धुवायचा. एक्सपोजर (काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) लांबलं की चालता माणूस पुसट होतो, नाहीतर गायबच. थॉमसनचा कॅन्टनमधल्या फिजिक स्ट्रीटचा फोटो मोठा करून बघा: दुकानांच्या उभ्या, लांबलचक पाट्या कशा ठळक आल्यात!

बाकी, सगळं श्रेय गोऱ्यांनाच कशाला? हाँगकाँगात लाय आफाँग या चिनी फोटोग्राफरचा स्टुडिओही जोरात चालायचा. खुद्द थॉमसननेच त्याची तारीफ केलीय.