बँकॉकमध्ये एक दिवस एकट्याने फिरायचं आहे, कुठे जाऊ?

दारव्ह्याकडचा:
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. यंदा बियाण्याचं टार्गेट झालं म्हणून कंपनीकडून बँकॉकची ट्रिप लागली. चार दिवस, बत्तीस डीलर, सगळे ओळखीचे. म्हणजे तिथेही कापसाचे भाव अन् उधारीच्याच गोष्टी. चौथा दिवस मोकळा आहे. बाकीचे मॉलमध्ये जाणार, मला एकट्याला शहर पाहायचं आहे. हॉटेल सुखुमवितला. इंग्रजी कामापुरतं, खाणं शुद्ध शाकाहारी. बँकॉक म्हटलं की बायको नुसती पाहते माझ्याकडे, त्यामुळे घरी फोटो दाखवता येतील अशाच जागा सांगा.

कारंजावाला:
हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा, थाई अक्षरातलं. आमच्या गटातला एक जण चुकला, त्याला हॉटेलचं नावच आठवेना. बाकी तुमची मर्जी.

झेंडूवाला:
दादा, मी मागच्या वर्षी असाच गटातून सटकलो होतो. सरळ नदीकडे जा. बीटीएस रेल्वे पकडायची, सियामला गाडी बदलायची, सफान ताक्सिनला उतरायचं. स्टेशनखालीच बोटीचा धक्का आहे. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची, महाग. केशरी झेंड्याच्या बोटीत बसा, त्यात कामावर जाणारी माणसं असतात. तिकीटवाली बाई हातातला लांबोडका पत्र्याचा डबा खडखड वाजवत येते. एसटीचा कंडक्टर टिकटिक करत यायचा ना, अगदी तसंच. मी सवयीने 'एक मंगरूळ' म्हणणार होतो.

मेमोरियल ब्रिजला उतरलो. जवळच पाक ख्लोंग तलात, फुलांचा बाजार. रात्रभर चालतो, म्हणून लवकर जा. मी सातला पोचलो अन् पाहतो तर झेंडूच झेंडू! लिंबाएवढं एकसारखं फूल, पिशव्या भरभरून, दुकानंच्या दुकानं पिवळी. माझ्याकडे अर्धा एकर झेंडू असतो. दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेला माल रस्त्याच्या कडेला ओतून आलेला माणूस मी. तिथे फुलांवर बर्फ घालून ठेवतात हे पाहून गप्पच झालो.

एक म्हातारी दीड वीत लांब सुईत मोगऱ्याच्या कळ्या ओवत होती. एकामागे एक नाही, सुईभोवती गोल गोल रांगा लावत. सुई भरली की सगळं एकदम दोऱ्यावर सरकवायची. मी उभाच राहिलो, तशी तिने प्लास्टिकचा स्टूल पुढे केला. मी मोबाइलवर माझ्या वावरातला झेंडू दाखवला. ती म्हणे, 'दाव रुअंग'. मी म्हणे, 'झेंडू'. तिने दोनदा म्हणून पाहिलं, 'झे' काही जमलं नाही. अर्धा तास गेला असेल तिथे.

मग पायीच फाहुरात. कापडाची बाजारपेठ, आपल्याकडचे व्यापारी पुष्कळ. तिथे सोन्याच्या घुमटाचा गुरुद्वारा आहे, सकाळी लंगर मिळतो. चार दिवसांनी पोळी पाहून बरं वाटलं बापा.

तिथून वाट फो, हे बुद्धाचं मंदिर. निजलेला बुद्ध, ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. कॅमेऱ्यात मावतच नाही, तळव्याकडून घ्या. तळव्यांवर शिंपल्याची १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूने काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली. लोक एकेकात नाणं टाकत जातात, त्यामुळे आत सारखी टणटण.

आता माझी फजिती. राजवाड्याजवळ एक गोड बोलणारा भेटला. "आज बंद आहे, दुसरं मंदिर दाखवतो", वीस बाटमध्ये टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा! वीस बाटमध्ये कोण फिरवतं, एवढं ज्याला कळायला पाहिजे तो आयुष्यभर दुकान चालवलेला माणूस बसला की त्यात. नेलं शिंप्याच्या दुकानात. दीड तास कापडं दाखवली, माझं मापही घेतलं. मी कसाबसा निसटलो. राजवाडा त्या दिवशी चालू होता, हे संध्याकाळी कळलं. खरं-खोटं दारावरच जाऊन पाहत जा.

अन् उन्हाचं सांगतो. आपले ४५ डिग्री परवडले, तिथले ३४ नाहीत. घाम वाळतच नाही. दुपट्टा न्या. हाफ पँटवर मंदिरात जाऊ नका.

दारव्ह्याकडचा:
झेंडूवाले, लय उपकार झाले. दुपारच्या जेवणाचं काय? अन् राजवाड्यात पाहण्यासारखं काय आहे?

अंजनगावची मास्तरीण:
पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं, इंग्रजी १७ सारखी दिसणारी, जिथे असतील तिथे खा. त्याला 'जे' म्हणतात, मांस-मासे नाहीत अन् कांदा-लसूणही नाही. बाकी ठिकाणी नुसत्या भाजीतही मासळीचा रस घालतात, तेव्हा 'माइ साइ नाम प्ला', म्हणजे मासळीचा रस घालू नका, हे पाठ करून जा.

राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात व्हरांडाभर रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. ते त्याला रामाकियन म्हणतात. त्यांच्या राजांचं नावही राम; पहिल्या रामाने १७८२ मध्ये ही राजधानी वसवली. चित्रं ओळखायला सोपी जातात, फक्त एक सांगून ठेवते: तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाची मत्स्यकन्या मुलगी सुवण्णमच्छा सेतूचे दगड पळवायला येते अन् हा तिच्या प्रेमात पडतो. माझ्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

दारव्ह्याकडचा:
बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, झेंडूचे, बुद्धाचे फोटो आणा. हनुमानाचा राहू द्या, घरात मारुतीचा फोटो आहे म्हणे.