'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी': दोन्हींना 'सुरक्षा'च?

पानगळ: एआयची मानकं ठरवण्यासाठी देशोदेशींची सरकारं एकत्र येताहेत, त्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. चार दिवस एकाच वाक्यावर अडकलेय. ब्रिटनने नोव्हेंबर 2023मध्ये ब्लेचली पार्कला परिषद भरवली, 28 देश आणि युरोपीय संघाने जाहीरनामा मान्य केला. त्याच सुमारास तिथली 'एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट' उभी राहिली. फेब्रुवारी 2025मध्ये तिचं नाव 'एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट' झालं. माझ्या मसुद्यात आलं, 'सुरक्षा संस्थेचं नाव सुरक्षा संस्था ठेवलं.' संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.

बदल नुसत्या पाटीचा नाही. पक्षपात आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांवर संस्थेचा भर नसेल, रासायनिक-जैविक शस्त्रं, सायबर हल्ले, फसवणूक यांवर असेल, असं तेव्हाच जाहीर झालं. एकच शब्द वापरला तर काय गळलं हे वाचकाला कळणारच नाही.

जुनाजाणता: सेफ्टी म्हणजे सुरक्षितता, सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा. एक स्थिती, दुसरी कृती. संपलं.

पानगळ: हेच करून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एकच तर आहे."

शिधावाटा: आई बरोबर आहेत. 2006चा अन्न सुरक्षा व मानके कायदा भेसळीचा आणि परवान्यांचा. 2013चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा रेशनच्या धान्याचा. इंग्रजीत पहिला सेफ्टीचा, दुसरा सिक्युरिटीचा. आमच्या गल्लीतल्या एक काकू पापड-कुरडया विकायचा परवाना काढायला निघाल्या आणि रेशनकार्ड घेऊन भलत्याच रांगेत दोन तास उभ्या राहिल्या. चूक त्यांची नाही, शब्दाची आहे.

मळेकरी: आमच्याकडे याला वेगळे शब्द आहेत. मळणी यंत्रात पेंढी सारायच्या जागी पत्र्याचं झाकण असतं. ते काढून काम करताना चुलत्यांची दोन बोटं गेली. झाकण असलं की यंत्र निर्धोक. आणि मळलेलं धान्य रात्री कुणी नेऊ नये म्हणून खळ्यावर झोपायचं, ती राखण. यंत्राने माणसाला इजा करू नये ही सेफ्टी, माणसाने यंत्राचा गैरवापर करू नये ही सिक्युरिटी. लिहा 'निर्धोकता' आणि 'राखण'.

शुद्धमती: 'निर्' संस्कृत, 'धोका' देशी. वर 'ता' लावून आणखी बिघडवू नका. 'क्षेम' आहे ना आपला, सेफ्टीला नेमका.

जुनाजाणता: उलट! योगक्षेमातला योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. म्हणजे क्षेम ही सिक्युरिटीच झाली.

शुद्धमती: 'क्षेमकुशल' विचारतो तेव्हा कुणी पहारा विचारत नाही.

ऱ्हाइनकाठी: जर्मनमध्येही दोन्हींना एकच शब्द आहे. इथले अभियंते गरज पडली की पुढे शब्द जोडतात: 'चालण्यातली' सुरक्षा आणि 'हल्ल्यापासूनची' सुरक्षा. तसं करायला लाज कसली? 'वापरातली सुरक्षा' आणि 'हल्ल्यापासून सुरक्षा'. लांब होईल, पण कळेल.

पानगळ: हे मला पटतंय. पण पुढच्याच परिच्छेदात अमेरिका आहे. जून 2025मध्ये त्यांनी आपल्या संस्थेच्या नावातून सेफ्टी काढली आणि 'स्टँडर्ड्स' व 'इनोव्हेशन' घातलं. तिथे 'मानके' लिहू की 'प्रमाणके'?

शिधावाटा: मानके. आयएसआयच्या शिक्क्यामागचं कार्यालयही 'भारतीय मानक ब्यूरो'च आहे.

शुद्धमती: आणि त्यातला 'ब्यूरो' चालतो का तुम्हाला?

मळेकरी: राखणीवरून आठवलं. रात्रीच्या राखणीला आमच्याकडे जागल म्हणतात, आणि करणारा जागल्या. दिवसा जोंधळ्यावरची पाखरं हाकायची ती वेगळी, माळ्यावर उभं राहून गोफणीने. रखवालदार, पहारेकरी हे शब्द गावात कुणी वापरत नसे.

जुनाजाणता: जागल जागण्यावरून की जागेवरून? माझी आजी 'जागेवर जा' म्हणायची, म्हणजे राखणीला.

मळेकरी: जागण्यावरून. झोप लागली तर डुकरं अर्धं रान उलथून टाकत.

ऱ्हाइनकाठी: माळा म्हणजे चार खांबांवरचा ना? आमच्या कोकणात भातशेतीत तसला मांडव असायचा, पण त्याला माळा म्हणत नसू. तुमच्याकडे काय म्हणतात, कुणी सांगेल का?