कुडूसाठी ठासणीची बंदूक: दारू नव्हे, काजळी सांभाळा

तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीत 150 ग्रेन (बंदुकीची दारू मोजायचं माप) ठासून 200 मीटरवर कुडू, म्हणजे आफ्रिकेतलं मोठं हरीण, मारायचा बेत कुणी करत असेल तर सोडा. .50 बोअरच्या (अर्धा इंच व्यासाच्या) नळीला वजनाने नव्हे, मापपात्राने 90-100 ग्रेन, जड शिशाची लांबट गोळी आणि 100 मीटरच्या आतलं अंतर पुरे. खरा घोळ जळलेल्या दारूच्या काजळीचा. नामिबियाच्या कोरड्या हिवाळ्यात ती नळीत कडक होते, दुसरी गोळी मध्येच अडते. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. म्हणून प्रत्येक बारानंतर नळीतून ओलसर चिंधी फिरवा, मग कोरडी. गोळी दारूवर पूर्ण टेकली की ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा. दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या विमानात नेता येत नाहीत. तिथल्या शिकारीच्या आयोजकाकडे आधी सांगून ठेवा, मिळेल त्या दारूवर नेम पुन्हा जुळवा. आणि नेम खांद्यामागे नको, पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या एक तृतीयांश भागात. जखमी जनावर निसटलं तरी बहुतेक ठिकाणी त्याचे पूर्ण पैसे लागतात.