तळलेल्या कटोऱ्यांत कोळंबी: पंचाहत्तरीसाठी सल्ला हवा

ठाणेकरीण: जुलैच्या पहिल्या शनिवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. घरीच, पंचवीस-तीस माणसं. सुरुवातीला एका घासात जाईल असं माशाचं काहीतरी द्यायचंय, दिसायलाही जरा देखणं. तळलेल्या छोट्या कटोऱ्या आणि आत कोळंबी असं डोक्यात आहे. कटोऱ्या आधी करून ठेवल्या तर चालतील का? भरल्यावर मऊ पडू नयेत म्हणून काय करता? ओव्हनमधलं सुचवू नका, बाबांना तळलेलंच लागतं.

खवय्या_काका: ताई, दोन दिवस आधी खुशाल करा. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बारीक रवा, चार चमचे कडकडीत तुपाचं मोहन, मीठ. पुरीपेक्षा घट्ट भिजवा. पातळ लाटून काट्याने भरपूर टोचा, नाहीतर टम्म फुगेल. चाटच्या कटोरीसाठी आपण स्टीलची वाटी घेतो, ती एका घासाला मोठी. केकचं सामान मिळतं तिथून टार्टचे छोटे साचे आणा. पारी साच्याला बाहेरून दाबून बसवा. काठावरून आत वळली की साचा सुटायचा नाही. साच्यासकट तेलात सोडा, पारी जरा कडक झाली की साचा आपणहून सुटतो, तो चिमट्याने उचला आणि कटोरी मंद आचेवर आतूनही रंग येईपर्यंत तळा. घाई केलीत तर बाहेरून लाल, आत कच्ची, संध्याकाळपर्यंत वातड. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात.

सिंगापूर_मुक्कामी: इथे पेरानाकन लोकांचं, म्हणजे पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या चिनी वंशाच्या लोकांचं, कुए पाय टी असतं, अगदी हेच. लांब दांड्याचा पितळी साचा तेलात तापवायचा, मैदा, तांदूळपीठ आणि अंड्याच्या पातळ पिठात काठाच्या जरा खालपर्यंत बुडवायचा, परत तेलात. गोव्यात नाताळाला गुलाबाच्या आकाराच्या ‘रोज कुकीज’ करतात तीच युक्ती. उलट्या हॅटसारखी नाजूक वाटी होते. आत शिजवलेला जिकामा (एक पांढरा, कुरकुरीत कंद), वर कोळंबी, कोथिंबीर, मिरचीची चटणी. दिसतं फार सुंदर, पण भरल्या भरल्या खावं लागतं. तीस माणसांना मी काकांचीच कटोरी करेन.

ठाणेकरीण: आणि सारण? मेयॉनीजमध्ये कालवू?

वेंगुर्ल्याची_सून: नको गं, पाणी सुटतं. गोव्याचं आंबट-तिखट बालचाव कर. काश्मिरी मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग व्हिनेगरमध्ये वाटायचं, कांदा चांगला लाल करून त्यात तेल सुटेपर्यंत परतायचं. हा मसाला दोन दिवस आधीचाच बरा लागतो. तेलावरचा असल्याने कटोरी लवकर भिजवत नाही. कोळंबी मात्र त्याच दिवशी: काळा दोरा काढ, बारीक तुकडे कर, मोठ्या आचेवर दोनच मिनिटं, रंग बदलला की बंद. कोमट झाल्यावर मसाल्यात मिसळ, पाहुणे बसले की भर.

जुलैत मासेमारी बंद, म्हणजे फ्रोझनच मिळेल. पाकिटावरचं वजन बर्फासकट आहे का ते बघ. रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीत ठेव, मग फडक्याने टिपून कोरडी कर. माणशी दोन कटोऱ्या धरल्यास सोललेली किलोभर पुरावी. सालासकट मिळाली तर दुप्पट घे, निम्मी साफ करण्यात जाते.

खवय्या_काका: कोळंबीची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का ते आधीच विचारा. शाकाहारी मंडळींसाठी थोड्या कटोऱ्यांत मक्याचं सारण, पण ट्रे आणि चमचा वेगळा.