अनुभव धागा: कॉलेजच्या मुलांच्या हातातला मोबाईल आणि त्यांचा अभ्यास

खडू_आणि_डस्टर:
नमस्कार मंडळी. दादरजवळच्या एका कॉलेजात मी अकाउंट्स शिकवते. मोबाईल चांगला की वाईट हा वाद इथे नको, ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. विद्यार्थी, पालक, कॉलेजबाहेर दुकान असलेले, सगळेच लिहा.

सुरुवात मी करते. पूर्वी फळ्यावर घसाऱ्याचं गणित सोडवलं की मुलं वहीत उतरवून घ्यायची, आता मी खडू खाली ठेवायच्या आत मोबाईल वर होतात, क्लिक, आणि फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. गैरहजर मुलालाही मिळतो, ते चांगलंच आहे. पण उतरवताना मुलं मधेच अडायची आणि तिथेच विचारायची, 'मॅडम, हे डेबिटला कसं गेलं?' फोटो काढताना कोणी अडत नाही, अडतं ते परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि तेव्हा विचारायला समोर कोणी नसतं. मी आता सांगते की फोटो काढा, पण तासाच्या शेवटी, आधी वहीत. काही मुलं नाराज आहेत, पण प्रश्न परत यायला लागलेत.

कसारा_लोकल:
मॅडम, मी मेकॅनिकलला थर्ड इयरला आहे, कसाऱ्याहून येतो, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसाचे पाचेक तास जातात. घरी रात्रीच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतो, कारण खर्डीच्या आसपास माझ्या फोनला रेंज नसते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट बघायला मिळतात, थर्मोडायनॅमिक्स मला त्यातूनच समजलं, आमच्या गावात त्या विषयाचा क्लास लावायचा म्हटलं तरी मिळाला नसता. पण एक फरक जाणवतो. व्हिडिओ दीडपट स्पीडने बघायची सवय लागली की वर्गात सर बोलत असताना मन पुढे पळतं. व्हिडिओ मागे नेता येतो म्हणून लक्ष सुटलं तरी काही बिघडत नाही असं वाटत राहतं, वर्गात मात्र सुटलं की सुटलं. डब्यात आमच्या कॉलेजचे अजून तिघेचौघे असतात, सगळ्यांच्या कानात हेडफोन. ओरल जवळ आली की ठाण्यापासून दादरपर्यंत हेडफोन काढून एकमेकांना प्रश्न विचारतो, आणि खरं सांगतो, तेव्हाचं जास्त डोक्यात राहतं.

झेरॉक्सवाले_काका:
माझं माटुंग्याला झेरॉक्सचं दुकान. आधी परीक्षेच्या आठवड्यात फूटपाथपर्यंत लाइन असायची. एका हुशार मुलीच्या हस्ताक्षरातल्या नोट्स, त्याच्या कॉपीवर कॉपी, पण सगळ्यांना माहीत असायचं की या कोणाच्या, काही कळलं नाही तर तिला कॅन्टीनमध्ये गाठून विचारायचे. आता पीडीएफ येते, टेलिग्रामवरून कुठून कुठून फिरत, कोणाची विचारलं तर पोरांना ठाऊक नसतं. चूक असेल तर सांगायचं कोणाला? बाकी प्रिंट मात्र अजून घेतात, हॉलबाहेर शेवटची नजर टाकायला कागदच लागतो.

भांडुपची_आई:
आमचं घर चाळीतलं, एकच खोली. २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा एकाच मोबाईलवर मुलगी सकाळी आणि मुलगा दुपारी बसायचा, दोघांचं लेक्चर एका वेळी आलं की एकाचं बुडायचं. आता मुलगी टीवायला आहे. बाजूला टीव्ही, बाहेर नळावरची भांडणं, पण कानात हेडफोन घातला की तेवढीच तिची अभ्यासाची खोली. जेवायला हाका मारून ऐकू येत नाही म्हणून तिचे बाबा चिडतात. मी म्हणते चालेल, ताट झाकून ठेवते.

मराठी_माध्यम:
मी वांद्र्याला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या सेमिस्टरलाच असाइनमेंट्स गुळगुळीत झाल्या, सगळ्यांचं इंग्रजी एकसारखं. मी विषय बदलले. आपल्या वॉर्डात पाणी किती वाजता येतं, तक्रार कुठे करायची, नगरसेवकाचं काम काय, जाऊन विचारून या आणि वर्गात उभं राहून सांगा. असं काम मुलं मनापासून करतात.

पण दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठी शाळेतून आलेला एक मुलगा दोन वर्षं शेवटच्या बाकावर गप्प असायचा. तो मला म्हणाला, 'सर, मी चॅटजीपीटीला सगळं मराठीत विचारतो, कितीदा विचारलं तरी तो हसत नाही.' त्याचं म्हणणं मला पटलं आणि लागलंही. वर्गात हसतात म्हणून मुलगा मशीनकडे जातो, हे आम्ही शिक्षकांनी बघायला हवं. तेव्हापासून माझ्या तासाला प्रश्न मराठीत, हिंदीत, कसाही चालतो.

ऐकून_वाचणारी:
मी एमए करतेय आणि मला दिसत नाही. इथे बहुतेकांनी मोबाईलमुळे काय कमी झालं ते लिहिलंय, माझ्यासाठी मोबाईल नसता तर कॉलेजच झालं नसतं. फोनवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवतं. पूर्वी पुस्तक वाचून द्यायला कोणाला तरी विनवावं लागायचं आणि त्याच्या सवडीने अभ्यास व्हायचा, आता रात्री दोनला वाटलं तर दोनला वाचते.

पण फळ्याच्या फोटोचं जे लिहिलंत ना मॅडम, तिथे मी अडते. आमच्या ग्रुपवरही फोटोच येतात. माझ्या फोनला ते फक्त 'इमेज' आहे. फोटोतली अक्षरं ओळखणारी ॲप्स आहेत, छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतात, हाताने लिहिलेल्या मराठीचा मात्र चुथडा करतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. आणि मराठीच्या जुन्या नोट्स श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, बघणाऱ्याला अक्षर सुंदर दिसतं पण आत कोड वेगळा, मला नुसती विचित्र इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर आपण मराठी टाइप करतो तसं, टाइप केलं की सगळं नीट वाचलं जातं, तेवढं केलं तरी पुष्कळ आहे. माझी एक मैत्रीण लेक्चर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवते, आणि ती म्हणते की माझ्यासाठी टाइप करताना तिचाच अभ्यास होतो.

ग्रुप नव्हते तेव्हा सर फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलायचे, कारण मुलांना उतरवायचं असायचं. आता 'हे बघा, इथून हे इकडे आलं' एवढंच म्हणतात. बघणाऱ्याला पुरतं, मला नाही.

खडू_आणि_डस्टर:
हे वाचून थांबले. फळ्यावर जे लिहीन ते बोलत लिहीन, हे तर लगेच करता येईल. पण अकाउंट्सला रकाने असतात, डेबिट एकीकडे, क्रेडिट दुसरीकडे, ते कसं पाठवलं तर तुला सोयीचं?

ऐकून_वाचणारी:
एक्सेलमध्ये पाठवा मॅडम. एनव्हीडीए एकेक सेल वाचतं, रकान्याचं नावही सांगतं, फक्त सेल मर्ज करू नका आणि रंगाने काही दाखवू नका. तुमच्या वर्गात माझ्यासारखं कोणी असेल तर आधी एक छोटी एन्ट्री पाठवून त्यालाच विचारा, कुठे अडतंय ते तोच सांगेल.