मदत हवी आहे: तालमीत वाघ असलेलं पोरगं मॅटवर उतरलं की गारठतं

नमस्कार मंडळी. इथं शेतीच्या धाग्यांवर अधूनमधून लिहितो, कुस्तीवर पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा, आणि ज्यांनी पोरं घडवलीत किंवा स्वतः खेळलेत त्यांनी जरूर सांगा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात तालीम चालवतो. वीस-बावीस पोरं आहेत, दोन वर्षांपासून चार पोरीपण येतात. मातीचा हौदा जुना आहे, मॅट तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून घेतली. पहाटे जोर, बैठका, सपाट्या, दोर, संध्याकाळी लढती. दम, ताकद, डाव यात मला अडचण येत नाही, माझ्या वस्तादांनी जे दिलं तेच पुढं देतोय. अडचण डोक्याची आहे.

एक पोरगं आहे, पंधरा वर्षांचं, 48 किलो वजनगटात खेळतं. नाव लिहीत नाही. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) असा काढतं की समोरच्याला पाय कधी गेला तेच कळत नाही. तालमीत सहा-सात किलोनं जड पोरांना झुंजवतं. जत्रेच्या मैदानात तर विचारूच नका, हलगी कडाडली की शड्डू ठोकून असं उतरतं की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण तेच पोरगं मॅटच्या स्पर्धेला नेलं की दुसरंच कुणीतरी वाटतं. नाव पुकारायच्या आधी अर्धा तास बुटाची लेस सोडतं, बांधतं, परत सोडतं. हात हातात घेतला तर गार पडलेला. दोनदा ओकलंय. वजनाच्या आधी दोन दिवस पाणी तोडलेलं असतं त्यामुळं ओकायला पोटात काही नसतंच, नुसते उमाळे.

मागच्या महिन्यातली कुस्ती सांगतो. पहिल्या राउंडला तीन वेळा पट काढून 6-0. दुसऱ्या राउंडला पण मिनिटभर ठीक चाललं, समोरच्यानं एकदा ताबा घेतला, 6-2. शेवटची चाळीस सेकंद राहिली आणि पोरगं लढायचंच थांबलं, नुसतं घड्याळाकडं बघायला लागलं. समोरच्यानं पट काढला, लगेच भारंदाज (खाली पडलेल्याला कमरेत धरून पलटवायचा डाव) फिरवला, 6-6. शेवटचा पॉइंट त्याचा म्हणून कुस्ती त्याची. मी कोपऱ्यातून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो, पोरगं माझ्याकडं बघत होतं पण मी दिसत नव्हतो त्याला.

आणि मग मी जे केलं ते मला खातंय. सगळ्या पोरांसमोर बोललो, वाघाचा खुराक खातोस आणि शेळीसारखा लढतोस, लंगोट खुंटीला टांग आणि घरी बस. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यानं. चार दिवस तालमीत आलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे मी कुलूप काढायला गेलो तर मागच्या भिंतीवरून उतरून आत आलेलं, अंधारात एकटंच हौदा उकरत होतं. एक शब्द नाही. फावड्याचा तेवढा आवाज.

आमचे वस्ताद मारायचे, वेताच्या छडीनं मारायचे, आणि तो आम्ही प्रसाद समजायचो. मी त्यातूनच घडलो असं आजवर सांगत आलोय. पण त्या रात्री झोप लागेना तेव्हा मोजलं, माझ्यासकट चौदा पोरं होती, कुस्तीत टिकलो आम्ही दोघं. बाकीची बारा का गेली हे मी कधी कुणाला विचारलंच नाही.

प्रेरणेच्या गोष्टी सांगून झाल्यात. खाशाबा जाधव आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले, गोळेश्वरचे. 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती तरी सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. पैलवान राहुल आवारेची सांगितली, 2016 ला रिओ ऑलिंपिकला जायला मिळालं नाही तरी पोरगा तुटला नाही, 2018 ला कॉमनवेल्थचं गोल्ड, 2019 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ. पोरं ऐकताना मुठी आवळतात, दोन दिवस जोर वाढतात, तिसऱ्या दिवशी परत होतं तिथं. गोष्टीनं रग येते, पण चाळीस सेकंद राहिल्यावर डोकं शांत कसं ठेवायचं हे गोष्ट शिकवत नाही असं माझं मत झालंय.

तर मला विचारायचंय ते हे की मन घट्ट करण्यासाठी रोजच्या मेहनतीत नेमकं काय घालायचं, हारलेल्या पोराशी लगेच बोलायचं का दुसऱ्या दिवशी, आणि मी जे बोलून बसलोय ते कसं भरून काढू, कारण माफी मागितली तर वस्तादाचा धाक जाईल असं गावातली जुनी माणसं म्हणतात आणि मला ते पूर्ण पटतही नाही आणि पूर्ण टाकवतही नाही. जिल्ह्याची शालेय स्पर्धा सहा आठवड्यांवर आलीय.

कृष्णाकाठ:
वस्ताद, राज्यापर्यंत खेळलोय म्हणून बोलतो. तुमचं पोरगं भित्रं नाही. मातीवर जिंकतं याचं कारण बघा, तिथं घड्याळ नाही, पॉइंट नाही, चितपट होईस्तोवर कुस्ती. मॅटवर दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये तीस सेकंद, आणि बोर्डावर आकडे. पोरगं समोरच्याशी नाही, आकड्याशी लढतंय. आघाडी मिळाली की राखायला जातं आणि तिथंच मरतं. मलापण हेच व्हायचं.

उपाय तालमीतच आहे. लढत शून्यापासून लावूच नका. बोर्डावर 6-4 लिहा, चाळीस सेकंद लावा, आणि मागं असलेल्या पोराला सांगा की काय वाटेल ते करून पॉइंट काढ. तुमच्या पोराला एकच सांगायचं, पाय चालू ठेव आणि पट टाकत राहा, राखायचं नाही. रोज आठ-दहा वेळा. पहिला आठवडाभर हारेल, हारू द्या. नंतर उलटं करा, त्याला 4-6 नं मागं ठेवा. आठवड्यातून एकदा दुसऱ्या तालमीची पोरं बोलवा, शिट्टी अनोळखी माणसाच्या हातात द्या, बाकीच्यांना बाजूनं दंगा करायला लावा. हॉल त्याला नवा वाटायला नको.

आणि कोपऱ्यातून ओरडणं कमी करा. दोन शब्द ठरवा, "पाय" आणि "हात" एवढेच. त्या वेळी कानात वाक्य शिरत नाही.

शाळेची ताई:
दादा, मी शाळेत खेळ शिकवते, माझ्या मुली कुस्ती आणि ज्युदो दोन्ही खेळतात. सगळे मनाबद्दल बोलतायत, पण तुम्ही एक ओळ सहज लिहून पुढं गेलात, दोन दिवस पाणी तोडलेलं असतं म्हणून. मी तिथंच थांबले. हात गार पडणं, उमाळे, शेवटच्या मिनिटाला डोकं बंद पडणं, हे सगळं भीतीनं होतं तसं सुकलेल्या अंगानं पण होतं. सकाळी वजन आणि त्याच दिवशी कुस्ती, मधल्या दोन-तीन तासांत ते पाणी भरून निघत नाही. मातीच्या मैदानाला जाताना तो पाणी तोडत नसणार, बरोबर ना? मग तिथं तो वाघ का असतो याचं निम्मं उत्तर मिळालं.

2024 ला पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून फायनलआधी कशी बाद झाली आणि त्याआधीच्या रात्री तिनं काय सोसलं ते सगळ्या देशानं बघितलं. त्या मोठ्या खेळाडू, सोबत डॉक्टर, डाएटिशियन. हे वाढीच्या वयातलं लेकरू आहे. त्याचं रोजचं वजन किती भरतं ते लिहा. पन्नासच्या वर असेल तर 51 किलोत खेळवा. पोटभर पाणी प्यालेल्या पोराचं मन आधी बघा, मग ते कच्चं आहे का ठरवा.

पैलवानाचा बाप:
माझा मुलगा आता विसाव्या वर्षी पण खेळतो, एकदा सोडून परत आलेला आहे. सोडलं ते हारला म्हणून नाही, हारून घरी येताना गाडीत मी तासभर बोलायचो म्हणून. दुधाचा हिशोब काढायचो, बदामाचा काढायचो. त्याच्या वस्तादांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, परत येताना फक्त जेवलास का विचारायचं, कुस्तीचं दुसऱ्या दिवशी मी बघतो. तेवढंच पाळलं मी.

माफीचं म्हणाल तर मागाच. बोललात सगळ्यांसमोर, मग मागायची पण सगळ्यांसमोर. धाक जात नाही. पोरगं चार दिवसांनी भिंत चढून हौदा उकरायला आलं, ते धाकानं आलं नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून लगेच त्याला बोलवून काट्यावर उभं केलं. संध्याकाळी लढती झाल्यावर, घाम गेल्यावर 51 किलो 300 भरलं. म्हणजे हे लेकरू दर स्पर्धेला तीन किलोच्या वर सुकवत होतं आणि मी त्याला शेळी म्हणत होतो. विचारलं का सांगितलं नाहीस, तर म्हणालं वस्ताद, 51 ला आपल्या तालमीतला दुसरा आहे, त्याची जागा जाईल. हे ऐकून मला काही बोलवेना.

माफी मागितली. पोरं गोल करून बसली होती, तेव्हाच मागितली. कुणी हसलं नाही. ते पोरगं पाया पडायला वाकलं, मी धरलं.

51 मधला जो दुसरा आहे त्याचं खरं वजन पण उद्या सकाळी बघणार आहे, तोही सुकवतच असणार असं आता वाटतंय. त्यालाही 55 ला न्यावं लागलं तर सहा आठवड्यांत तिथल्या ताकदीला कसं उभं करायचं हे कृष्णाकाठ तुम्ही सांगा. आज 6-4 ची लढत लावली, दहात सात वेळा हारलं. वडिलांना उद्या बोलावलंय.